जाडी शून्य धरल्यास

दर रविवारी पुरवणीच्या शेवटच्या पानावर, राशिभविष्याच्या वर आणि केस गळतीच्या जाहिरातीच्या खाली, माझं एक कोडं छापून यायचं. सदराचं नाव 'सहज सुटेल'. नाव संपादकांनी ठेवलं होतं. त्यांना स्वतःला एकही कोडं सुटलेलं मला आठवत नाही.

कोड्यांचा कच्चा माल घरातलाच. खणात काळे आणि पांढरे मोजे मिसळलेत, दिवे गेलेत, किती मोजे काढले म्हणजे एक जोडी नक्की जुळेल? तव्यावर एका वेळी पावाचे दोनच तुकडे मावतात, तीन तुकडे दोन्ही बाजूंनी भाजायचेत, कमीत कमी किती वेळ लागेल? पहिल्या कोड्यावर वहिनी म्हणाली होती, "मोजे धुतल्याबरोबर जोड्या लावून ठेवा." दुसऱ्यावर म्हणाली, "दोन मिनिटं जास्त लागली तर कुठं गाडी चुकणार आहे?" वहिनीच्या उत्तरांना छापायला जागा नसायची, कारण ती एका ओळीत संपायची आणि सदर अर्ध्या रकान्याचं होतं.

दादाचं तसं नव्हतं. माझं प्रत्येक कोडं आधी दादावर तपासलं जायचं. दादा माझा थोरला भाऊ, धंद्याने शिंपी, उंची सहा फूट एक इंच. शिलाई मशीनवर बसला की गुडघे कोपरांना लागायचे. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, तरी मशीन खिडकीशी होतं आणि दादा मशीनशी. मी एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढतो, लग्न केलं नाही, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत दादा-वहिनीबरोबर राहतो. वय बावन्न. दादा मला 'बारक्या' म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी मी बांबूचं कोडं दिलं होतं. तीन फूट रुंदीचा बोळ काटकोनात वळतो आणि पुढेही तीनच फूट रुंद राहतो. बांबू आडवाच धरायचा, उभा करायचा नाही. या वळणावरून जास्तीत जास्त किती लांब बांबू जाईल? उत्तर आहे साडेआठ फुटांना किंचित कमी. लोकांना ते खोटं वाटतं. तीन फुटी बोळात साडेआठ फूट! खोटं वाटणारं खरं उत्तर मिळालं की कोडं रचणाऱ्याला जे सुख होतं, त्याला दुसरी उपमा मला अजून सापडलेली नाही.

दादाने तोंडातली टाचणी काढली आणि विचारलं, "जाडी किती?"

"कशाची?"

"बांबूची."

"जाडी शून्य धरायची."

"मग तो बांबू कसला? ती रेघ झाली. बारक्या, कापड कापताना आम्ही शिलाईसाठी चार बोटं जास्त ठेवतो. तुझ्या गणितात सगळं अगदी अंगाबरोबर. श्वास घेतला की उसवणार."

मी हसलो. कोडं जसंच्या तसं छापून आलं.

ते डोक्यात आलं होतं त्यालाही कारण होतं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना प्रत्येक मजल्यावर संपतो, पाच फूट रुंदीच्या बोळात येतो, बोळ काटकोनात वळतो आणि मग खालचा जिना सुरू होतो. आतल्या बाजूला भिंत, बाहेरच्या बाजूला लोकांची दारं. दुसऱ्या मजल्यावर बाहेरच्या बाजूची दोन्ही दारं सोसायटीच्या चेअरमनची. त्याने वळणाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन फूट पुढे सरकून जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी गज लावून घेतले. आत चपलांचं एक बुटकं, कमरेइतकं कपाट ठेवलं. ते लाकडाचं होतं, भरलेलं होतं, आणि त्यात चेअरमनच्या तीन पिढ्यांच्या चपला होत्या असं वहिनी म्हणायची. पाच फुटांचा बोळ तीन फुटांचा झाला.

कुरबुर झाली. अग्निशमन खात्याचा माणूस वर्षातून एकदा यायचा, त्याने नियम दाखवला: अरुंद केलेल्या वाटेबाबत जाणकार व्यक्तीचं प्रमाणपत्र फाइलला असावं. चेअरमन प्रमाणपत्र मागायला वर आला, तेव्हा त्याच्या हातात रविवारची पुरवणी होती.

"तुम्ही तर छापूनच दिलंय," तो म्हणाला. "आता फक्त आमच्या कागदावर सही करा."

"देऊन टाक रे," दादा मशीनवरून म्हणाला. "रोज तोंड बघायचंय त्यांचं."

एक नकाशा काढणारा आणि कोडी रचणारा म्हणून मला त्या वेळी एवढंच वाटलं, की आपलं गणित कुणाच्या तरी उपयोगी पडतंय. मी लिहून दिलं: 'सदर वळणावरून आठ फुटांपर्यंत लांबीची कोणतीही वस्तू आडवी नेता येते.' अर्धा फूट मी सुरक्षिततेसाठी कमी केला होता. खाली सही, तारीख, हुद्दा.

*

दादा पडला तो रविवारच होता. सकाळचे पावणेदहा. पंखा पुसायला तो स्टुलावर चढला. सहा फूट एक इंच माणसाला स्टूल कशाला लागतं, असं वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत होती, तेवढ्यात आवाज आला. मशीनच्या लोखंडी कडेवर तो कमरेने आदळला होता.

दहा मिनिटांत रुग्णवाहिका आली. दोघे वर आले, एक मिशीवाला, एक चष्मेवाला. मिशीवाल्याने दादाच्या पोटावर हात ठेवला, नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, परत घेतला, आणि मला बाजूला घेतलं.

"ओटीपोटाचं हाड मोडलंय. आत रक्त चाललंय. ऐका नीट. वाकवायचं नाही, म्हणजे खुर्ची नाही, चादरीची झोळी नाही. आणि उभं करायचं नाही. डोकं वर गेलं की दाब संपला. आडवं आणि सरळ, खालीपर्यंत. अर्ध्या तासात टेबलावर गेले तर वाचतील."

आडवं आणि सरळ. मला आठवतंय, हे शब्द ऐकताना कुठेतरी ओळखीचं वाटलं, पण कुठे ते कळलं नाही.

ते दादाला छान खाली न्यायला लागले. खालचा माणूस हात डोक्यावर, वरचा माणूस कमरेत वाकलेला, स्ट्रेचर असं की वर पाण्याची वाटी ठेवली असती तर सांडली नसती. चौथ्या मजल्याचं वळण गेलं. तिसऱ्याचंही गेलं. दुसऱ्या मजल्यावर पुढचा दांडा गजांवर आपटला, मागचा भिंतीवर, आणि दादा 'आई गं' म्हणाला.

त्यांनी मागे घेतलं, कोन बदलला, परत घातलं. परत आपटला. तिसऱ्यांदा मिशीवाल्याने स्ट्रेचर जमिनीवर ठेवलं.

"जात नाही."

"जायला पाहिजे," मी म्हणालो. "साडेआठ फूट जातं."

मिशीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे असं पाहिलं जाण्याची ती पहिली वेळ होती.

दार उघडून चेअरमन बाहेर आला. बनियन, हातात चहाचा कप. परिस्थिती पाहून तो खरोखर हळहळला, मग आत गेला आणि फाइल घेऊन आला. मला ती फाइल आणण्यात दुष्टपणा दिसला नाही. काही माणसं संकटात देवाकडे जातात, काही फाइलकडे.

"हे बघा," त्याने मिशीवाल्याला कागद दाखवला. "कोणतीही वस्तू. आठ फुटांपर्यंत. तुमचं स्ट्रेचर किती?"

"साडेसहा."

"मग जातं."

"मग न्या तुम्ही," मिशीवाला म्हणाला.

मी खाली बसलो. खिशात पेन होतं, सदराचा माणूस पेनाशिवाय हिंडत नाही. भिंतीवर आकडे मांडले. स्ट्रेचरची रुंदी बावीस इंच. रेघ नव्हती ती. आणि काटकोनात वळताना रुंदी नुसती आडवी येत नाही, ती लांबीतून दुपटीने वजा होते. एकशे दोनला किंचित कमी इंचांतून चव्वेचाळीस गेले. उरले सत्तावन्न आणि थोडे. चार फूट दहा इंच. दादा चार फूट दहा इंचांचा असता, तर मी दिलेलं प्रमाणपत्र बरोबर होतं.

स्ट्रेचरवरून आवाज आला. "बारक्या."

"बोल दादा."

"माझी रुंदी धरलीस का या खेपेला?"

तो पांढरा पडला होता आणि हसत होता. वहिनी त्याच्या डोक्याशी जिन्यात बसली होती. ती म्हणाली, "गप्प पडून राहा. बोलू नका."

"पडूनच आहे," दादा म्हणाला.

"थोडं तिरकं केलं तर?" मी मिशीवाल्याला विचारलं. "आडवी लांबी कमी होईल. बेचाळीस अंश पुरतील."

"बेचाळीस?" तो म्हणाला. "पंधरासुद्धा सोसणार नाहीत."

"उलट करा. पाय वर, डोकं खाली."

"घसरतील. पट्टा ओटीपोटावरून जातो, तो आवळायचा नाही. तिथंच तर मोडलंय." मग त्याने आवाज उतरवला. "साहेब, गज कापा."

चेअरमनने कप कठड्यावर ठेवला. तो नाही म्हणाला नाही, हे मला इथे नोंदवलं पाहिजे. तो म्हणाला, "कापा की. माणसापेक्षा काय आहे? फक्त किती कापायचे तेवढं सांगा. म्हणजे उगाच सगळेच नकोत."

समोरच्या रस्त्यावर वेल्डर राहायचा, गज त्यानेच लावले होते. चष्मेवाला पळत जाऊन त्याला घेऊन आला, तोपर्यंत मी उत्तर काढून ठेवलं होतं. ते उत्तर सुंदर होतं. आजही मला ते सुंदरच वाटतं, आणि याची मला भीती वाटते.

सगळे गज कापायची गरज नव्हती. वळताना स्ट्रेचरची फक्त टोकं गजांपलीकडे जाणार होती, आणि तीही एका ठरावीक उंचीवर. म्हणजे कमरेपासून छातीपर्यंत एक आडवी खिडकी कापली की काम भागत होतं. एका अंगाला पाच गज, दुसऱ्या अंगाला चार. स्ट्रेचरचं टोक त्या खिडकीतून आत शिरेल, वळेल, बाहेर येईल. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे खालचे गज राहिल्यामुळे चपलांचं कपाट हलवावं लागणार नव्हतं. ते रिकामं करून सरकवण्यातच पंधरा मिनिटं गेली असती.

चेअरमनला ते फार आवडलं. "वा," तो म्हणाला. "म्हणजे नुकसान कमीत कमी."

कमीत कमी. माझी सगळी कोडी याच दोन शब्दांवर उभी होती.

मी पेनाने गजांवर खुणा केल्या. वेल्डरने खुणा पाहिल्या, स्ट्रेचर पाहिलं, डोळ्यांवर काच ओढली आणि कटर सुरू करता करता विचारलं, "साहेब, पण धरणारा कुठं उभा राहणार?"

मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं मी नंतर कुणालाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "ते मी बघतो. तू काप."

नऊ गज, प्रत्येकी दोन ठिकाणी, अठरा काप. ठिणग्या दादाच्या अंगावर उडू नयेत म्हणून वहिनीने पदर आडवा धरला होता. कटर थांबला की मिशीवाला रक्तदाब घ्यायचा. आकडा तो आता मोठ्याने सांगत नव्हता. बाराव्या कापानंतर दादाने डोळे उघडले.

"उत्तर पुढच्या रविवारी का रे?" त्याने विचारलं.

"आत्ताच, दादा. झालंच."

"घाई नको करू." मग जरा वेळाने, "वहिनीला चहा दे कुणीतरी." ती त्याची बायको होती. दिवसभर माझ्या तोंडून 'वहिनी' ऐकून ऐकून तोही कधी कधी तिला वहिनी म्हणायचा. एरवी ती चिडायची.

अकराला पाच कमी असताना शेवटचा तुकडा पडला. दोघांनी स्ट्रेचर उचललं. पुढचं टोक खिडकीत शिरलं. अगदी हिशोबाप्रमाणे, वर दोन बोटं, खाली दोन बोटं. आणि तिथे ते थांबलं, कारण चष्मेवाल्याच्या मांड्या खालच्या गजांना टेकल्या.

टोक आत जाणार होतं. टोक धरणारा माणूस बाहेर राहणार होता. तो दोन्ही हातांनी दांडे धरून, पोट गजांवर दाबून, वाकून, हात लांबवून ढकलत होता. नव्वद किलो वजन लांबवलेल्या हातांवर तोलत नाही. स्ट्रेचर कलायला लागलं. मिशीवाला ओरडला, "मागे, मागे घे!"

रेघेला जाडी नव्हती, म्हणून मी ती नंतर दिली. पण रेघ आपली आपण चालत नाही. तिला दोन्ही टोकांना दोन माणसं लागतात, आणि त्या माणसांना पाय असतात. ही दोन माणसं मी कोणत्याच नकाशात काढली नव्हती. नकाशा वरून काढतात. वरून पलंग दिसतो, टेबल दिसतं, दार किती उघडतं ते दिसतं. माणूस काढायची पद्धत नाही.

"खालचे कापा," मी वेल्डरला म्हणालो. "सगळे. कपाट बाहेर ओढा."

आता कुणी काही विचारलं नाही. चेअरमन स्वतः चपला बाहेर फेकायला लागला. लहान मुलांच्या, लग्नातल्या, न वापरलेल्या, एकच पाय असलेल्या. जिन्यावर चपलांचा सडा पडला. वेल्डरने दोन गज कापले. तिसरा अर्धा झाला, तेव्हा वहिनीने कापणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला.

"थांबा," ती म्हणाली.

मिशीवाल्याने मान पाहिली, डोळे पाहिले, यंत्र लावलं, छाती दाबली. बराच वेळ दाबली. मग घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं.

मग जे झालं ते फार थोड्या वेळात झालं. चष्मेवाल्याने पट्टा ओटीपोटावरून घेतला आणि पूर्ण आवळला. आता आवळता येत होता. छातीवरचा आवळला, गुडघ्यांवरचा आवळला. मिशीवाला म्हणाला, "उभं कर." त्यांनी दादाला उभं केलं. स्ट्रेचरसकट, भिंतीला कपाट उभं करावं तसं. वळण त्यांनी दोन पावलांत घेतलं. गजांना धक्कासुद्धा लागला नाही. न कापलेल्या गजांतूनही ते तसंच गेलं असतं.

अट काढली की कोडं सुटतं. मी हे सदरात कितीदा तरी लिहिलं होतं.

दादा माझ्या समोरून उभा गेला. सहा फूट एक इंच.

*

चेअरमन चौथ्या आठवड्यात वर आला. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, बसला, पाणी प्यायला, मशीनकडे पाहून डोळे पुसले. ते खरे होते. मग पिशवीतून फाइल काढली.

"गज परत जोडून घेतले," तो म्हणाला. "करावंच लागतं. घरात बायकामाणसं एकटी असतात. पण खात्याचा माणूस म्हणाला, काम नव्याने झालंय, तर प्रमाणपत्रही नवं पाहिजे." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुम्हाला सांगायला जड जातंय. पण जाणकार दुसरं कोण आहे इमारतीत?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती दादाच्या अर्धवट राहिलेल्या सदऱ्याला बटणं लावत होती. तो कुणाचा होता ते आम्हाला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक आलं तर तयार असावा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"द्या लिहून, भावजी," ती मान वर न करता म्हणाली. "या खेपेला खरं लिहा."

मी लिहिलं. सावकाश, सगळी मापं घालून. 'सदर वळणाची रुंदी तीन फूट. स्ट्रेचरची लांबी साडेसहा फूट, रुंदी बावीस इंच. शिवाय ते धरणारी दोन माणसं. या वळणावरून आडवा, सरळ, जिवंत माणूस नेता येत नाही. मेलेला नेता येतो.' खाली सही, तारीख, हुद्दा.

चेअरमनने कागद घेतला. सही पाहिली, तारीख पाहिली, फाइलला लावला. "उपकार झाले," म्हणाला.

त्याने वाचला नाही असं मी समजत होतो. पण पुढच्या महिन्यात खात्याचा माणूस आला, जिन्यात उभं राहून त्याने फाइल उघडली आणि तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत ओठ हलवत वाचला. मी वरून पाहत होतो. वाचून झाल्यावर त्याने एकदा गजांकडे पाहिलं, एकदा चेअरमनकडे. मग यादीतल्या 'प्रमाणपत्र फाइलला आहे' या ओळीपुढे खूण केली. नियमात प्रमाणपत्र असावं एवढंच होतं. त्यात काय लिहिलेलं असावं याबद्दल काही नव्हतं.

सदर मी बंद केलं. संपादक म्हणाले, वाचक विचारतात. मी म्हणालो, सांगा सुटलं.

कचेरीला जाताना मी रोज तिथून जातो. नव्या जोडांवर रंगाचा हात दिलाय, पण अठरा ठिकाणी गाठी हाताला लागतात. हातात पिशवी असली तर ती मी अंगाजवळ घेतो. एकटा माणूस तिथे सहज वळतो.